अहवाल कोणी वाचायचा?

सहकाराचा इतिहास लिहू लागले की अहमदनगर जिल्ह्याचे, आजच्या अहिल्यानगरचे, नाव पहिल्याच प्रकरणात येते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली लोणीच्या परिसरात उभारलेल्या साखर कारखान्याने 1950 साली गळीत सुरू केले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या काठाने कारखाने, दूध संघ, सेवा सोसायट्या, पतसंस्था आणि नागरी बँका यांची एवढी दाट वस्ती झाली की ज्याचे नाव कोणत्याच सहकारी संस्थेच्या सभासद नोंदवहीत नाही असे कुटुंब या जिल्ह्यात शोधावेच लागेल. या संस्थांचा सारा व्यवहार पूर्वी कीर्द, खतावणी आणि पावतीपुस्तके यांत मावत असे. दप्तर कपाटात, कपाटाची किल्ली सचिवाकडे आणि रात्रीचा बंदोबस्त पहारेकऱ्याकडे, अशी सरळ व्यवस्था होती. आज तेच दप्तर संगणकात गेले आहे, पुष्कळदा ते दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये राहते, आणि त्याच्याकडे जाणारी वाट राहुरी-पारनेरच्या शाखेतून जशी निघते तशीच जगातल्या कोणत्याही गावातून निघते. या वाटेवर कोणते दार नकळत उघडे राहिले आहे हे हुडकून काढणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा, ज्यांना सर्वत्र ‘स्कॅनर’ म्हणतात, त्यांचा परिचय सामान्य वाचकाला करून देणे आता अगत्याचे झाले आहे; कारण त्यांचे अहवाल आपल्या गावच्या बँकेच्या संचालक मंडळापुढे येऊ लागले आहेत, आणि ज्यांनी आयुष्यभर ताळेबंद वाचले अशा माणसांवर ते वाचण्याची जबाबदारी येऊन पडली आहे.

ते येऊ लागले ते रिझर्व्ह बँकेच्या हुकुमामुळे. 19 ऑक्टोबर 2018 रोजी तिने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली, आणि 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकाने तिचा विस्तार करून, कोणती बँक कोणत्या डिजिटल सोयी देते यावरून बँकांचे चार स्तर ठरवले. इंटरनेट बँकिंग किंवा मोबाइल अ‍ॅप यांसारख्या सोयी देणाऱ्या बँकांनी आपल्या महत्त्वाच्या आणि इंटरनेटला सामोऱ्या असलेल्या प्रणालींतील त्रुटींची तपासणी दर सहा महिन्यांनी, आणि प्रत्यक्ष आत शिरून पाहण्याची चाचणी वर्षातून निदान एकदा करवून घ्यावी, अशी तजवीज त्यात आहे. बँकांतील मंडळी या दोन्ही गोष्टींना मिळून ‘व्हीएपीटी’ म्हणतात आणि पुष्कळदा एकाच कामाचे हे लांबलचक नाव आहे असे समजतात. वस्तुतः त्यांचा पहिला अर्धा भाग बहुतांशी यंत्राचा असतो आणि दुसरा अर्धा माणसाचा, व हा भेद नजरेआड झाला म्हणजे पुढचे सारे घोटाळे उद्भवतात.

यंत्राचे काम प्रथम पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरला एक पत्ता असतो, आणि त्या एका पत्त्यावर 1 पासून 65,535 पर्यंत क्रमांकांची पोर्ट असतात. त्यांतील काही क्रमांकांचे काम परंपरेने ठरून गेले आहे: 443 वर सुरक्षित वेबसाइट, 22 वर दुरून सर्व्हरचा कारभार पाहण्याची सोय, 3306 वर ‘मायएसक्यूएल’ हा माहितीसाठा, 3389 वर विंडोज संगणकाचा पडदा दुरून हाताळण्याची व्यवस्था. स्कॅनर एकेका पोर्टाकडे ‘बोलणे सुरू करायचे आहे’ अशा अर्थाचा एक लहानसा संदेश धाडतो, ज्याला जाणकार ‘सिन’ म्हणतात. पोर्टामागे एखादा प्रोग्रॅम जागा असेल तर ‘सिन-अ‍ॅक’ असे होकाराचे उत्तर येते. कोणीच नसेल तर ‘रीसेट’ असा नकार येतो. आणि मध्ये फायरवॉलने अडवले असेल तर बहुधा काहीच येत नाही. होकार, नकार आणि मौन या तीन उत्तरांवरून यंत्र पोर्ट उघडे, बंद वा गाळलेले असा शेरा मारते. होकार मिळताच ते मागे उभ्या असलेल्या प्रोग्रॅमचे नाव आणि आवृत्ती काढून घेते, जी पुष्कळ प्रोग्रॅम न विचारताच सांगून टाकतात, आणि ती माहिती ज्ञात त्रुटींच्या जागतिक यादीशी ताडून पाहते. 1999 पासून चालत आलेल्या ‘सीव्हीई’ नामक या यादीत प्रत्येक त्रुटीला वर्ष आणि क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे नगरमधला अभियंता आणि टोकियोतला अभियंता एकाच दोषाबद्दल बोलत आहेत याविषयी संदेह राहत नाही.

एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. वेबसाइट चालवणारा ‘अपाचे’ हा प्रोग्रॅम जगभर वापरला जातो, आणि त्याच्या 2.4.49 या आवृत्तीत 2021 साली सीव्हीई-2021-41773 या क्रमांकाची त्रुटी सापडली. वेबपत्त्यात दोन टिंबे आणि तिरकी रेघ लिहिली की ‘एक फोल्डर वर जा’ असा अर्थ होतो, आणि पाहुण्याने असे वर चढत चढत वेबसाइटच्या हद्दीबाहेर सर्व्हरच्या खासगी फाइलींपर्यंत पोहोचू नये म्हणून अपाचे ती टिंबे गाळून टाकतो. परंतु त्यांतील एक टिंब ‘%2e’ अशा सांकेतिक रूपात लिहिले तर या आवृत्तीची तपासणी ते ओळखत नसे. आणि ज्या सर्व्हरवर बाहेरच्या फोल्डरांना मनाई करणारी ओळ राहून गेली होती तिथे आतली फाइल बिनदिक्कत बाहेर येत असे. दुरुस्तीसाठी 4 ऑक्टोबर 2021 रोजी 2.4.50 ही आवृत्ती निघाली. पण ती अपुरी ठरली, कारण तेच टिंब दोनदा सांकेतिक करून लिहिले की नवी तपासणीही फसत होती, आणि तीनच दिवसांनी, 7 ऑक्टोबरला, 2.4.51 काढावी लागली. ज्या व्यवस्थापकाने पहिल्या दुरुस्तीवर विसंबून ‘काम झाले’ अशी नोंद केली असेल त्याचा सर्व्हर उघडाच राहिला. आणि असा सर्व्हर शोधून काढणे हे कंटाळा न येणाऱ्या, हजारो पत्ते एका रात्रीत ताडून पाहणाऱ्या यंत्राला जेवढे साधते तेवढे कोणत्याही दक्ष माणसाला साधत नाही.

याची उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. लिनक्सची डेबियन किंवा रेड हॅट यांसारखी वितरणे जुन्या आवृत्तीचा क्रमांक तसाच ठेवून आत केवळ सुरक्षेची दुरुस्ती बसवतात. तेव्हा नुसता क्रमांक पाहून निष्कर्ष काढणारा स्कॅनर दुरुस्त झालेल्या सर्व्हरलाही दोषी ठरवतो. असे खोटे इशारे अहवालात दहा-वीस निघाले की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो आणि त्यांच्यामध्ये दडलेला एकच खरा इशारा त्याच ढिगात फेकला जातो. यंत्राने दिलेला प्रत्येक शेरा हा संशय आहे, पुरावा नव्हे. त्याची रुजवात हाताने घालावी लागते.

वेबसाइट तपासणाऱ्या स्कॅनरांची रीत याहून निराळी आहे. ‘झॅप’, ‘बर्प’ अशी त्यांची प्रसिद्ध नावे. असे साधन प्रथम संकेतस्थळाची सर्व पाने दुव्यांमागून दुवे धरीत फिरून पाहते, जिथे जिथे काही लिहून पाठवण्याची जागा आहे तिची नोंद घेते, आणि मग त्या जागांत मुद्दाम वेडेवाकडे मजकूर घालून उत्तर कसे बदलते ते न्याहाळते. नावाच्या रकान्यात एकच अवतरणचिन्ह टाकले आणि सर्व्हरने माहितीसाठ्याच्या भाषेतली चूक ओकली, तर पाहुण्याने लिहिलेले शब्द थेट माहितीसाठ्याला दिलेल्या हुकुमात मिसळत आहेत, हे उघड होते. चूक दिसू न देणारी संकेतस्थळेही असतात. तिथे ‘पाच सेकंद थांब’ असा हुकूम रकान्यातून सरकवून यंत्र घड्याळ लावून बसते, आणि उत्तर बरोबर पाच सेकंदांनी उशिरा आले, पुन्हा दहा सांगताच दहा सेकंदांनी आले, तर आत कोणीतरी आपला हुकूम पाळत आहे, हे त्याला कळते. एकही अक्षर बाहेर न येता केवळ विलंबावरून दोष सिद्ध करण्याची ही युक्ती मला या संपूर्ण शास्त्रातील अत्यंत बुद्धिमान कल्पनांपैकी एक वाटते.

ही साधने जन्माला आली तेव्हा त्यांच्याविषयी मोठे भय होते. डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा या दोघांनी 1993 साली एक निबंध लिहिला आणि त्यात असे प्रतिपादन केले की स्वतःचे संगणक सुरक्षित करायचे तर स्वतःच त्यांत शिरून पाहावे. आणि त्याच विचाराचे फळ म्हणून 5 एप्रिल 1995 रोजी त्यांनी ‘सेटन’ हे स्कॅनर सर्वांना फुकट उपलब्ध करून दिले. चोरांच्या हाती हत्यार दिल्याचा गहजब झाला आणि फार्मर यांना त्यापायी नोकरी गमावावी लागली. पुढे 1 सप्टेंबर 1997 रोजी गॉर्डन लायन यांनी ‘एनमॅप’ प्रसिद्ध केले, जे आजही पोर्ट तपासणीचे पहिले साधन मानले जाते. 1998 साली रेनो डेरेझों यांनी ‘नेसस’ काढले, आणि 2005 साली त्याचे मूळ लेखन खाजगी झाले तेव्हा इतरांनी जुन्या प्रतीवरून ‘ओपनव्हास’ उभे केले. जो भयाचा मुद्दा 1995 साली होता तो आज उरलेला नाही, कारण हत्यार लपवून ठेवण्याचा काळच संपला. 2013 साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ‘झेडमॅप’ हे साधन करून दाखवले. एका साध्या सर्व्हरवरून आणि वेगवान जोडणीवरून, ‘आयपीव्ही4’ या जुन्या पद्धतीतल्या इंटरनेटचे यच्चयावत पत्ते एका पोर्टापुरते पंचेचाळीस मिनिटांच्या आत ते ठोठावून येत असे. पाथर्डी वा जामखेडच्या पतसंस्थेत ‘आमच्यासारख्या लहान संस्थेकडे कोण पाहणार?’ असे कोणी म्हटले तर त्याचे उत्तर येथे आहे: मुद्दाम कोणी पाहत नाही, पण यंत्र सर्वांचीच दारे ठोठावते आणि त्यात लहानमोठा असा भेद करीत नाही. बाहेरच्यांनी आपले दार रोज तपासायचे आणि आपण मात्र वर्षानुवर्षे न तपासता राहायचे, ही स्थिती असमर्थनीय आहे.

ज्ञात त्रुटी न बुजवल्यास काय होते याचे उदाहरण आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर घडलेले आहे. विंडोजमधील फाइल देवाणघेवाणीच्या व्यवस्थेत, म्हणजे 445 क्रमांकाच्या पोर्टामागे, असलेल्या एका भयंकर त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिली होती, आणि ती बसवली आहे की नाही हे सांगणाऱ्या चाचण्याही स्कॅनरांत लवकरच आल्या. तरीही त्याच वर्षी 27 जूनला ‘नॉटपेट्या’ या विनाशक प्रोग्रॅमने जगभर थैमान घातले, त्यात मर्स्क या जहाज वाहतूक समूहाचे संगणक कोलमडले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या प्रोग्रॅमला पसरण्याच्या वाटा एकाहून अधिक होत्या. चोरलेले पासवर्ड वापरून तो दुरुस्ती झालेल्या संगणकांतही शिरत असे. म्हणून केवळ दुरुस्ती बसवली असती तर सारे टळले असते असे म्हणता येत नाही. परंतु साडेतीन महिने आधी जाहीर झालेली वाट त्याला अनेक ठिकाणी मोकळी मिळाली, हे मात्र खरे.

याहून गंभीर आणि सहकारी बँकांना जवळचे प्रकरण पुण्याचे. 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर शनिवार, 11 ऑगस्ट 2018 रोजी जो हल्ला झाला त्यात 28 देशांतील एटीएममधून बारा हजारांहून अधिक व्यवहारांद्वारे सुमारे 78 कोटी रुपये आणि कोल्हापूरसह भारतातील एटीएममधून सुमारे अडीच कोटी रुपये काही तासांत काढले गेले. आणि सोमवारी, 13 तारखेला, ‘स्विफ्ट’ व्यवस्थेतून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकूण आकडा 94 कोटी 42 लाखांचा झाला. हल्लेखोरांनी बँकेच्या प्रणालीत विषारी प्रोग्रॅम घुसवून, कार्डाचा व्यवहार मंजूर करणाऱ्या खऱ्या स्विचच्या जागी बनावट स्विच उभा केला होता. एटीएमने ‘पैसे द्यावे काय?’ असे विचारले की तो खात्याकडे न पाहता होकार देत असे. आता असा बनावट स्विच एकदा आत बसल्यावर बाहेरून पोर्ट मोजणाऱ्या स्कॅनरला तो दिसेल, अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे. स्कॅनरचे कार्य त्याच्या आधीच्या टप्प्यावरचे: आत येण्याच्या ज्या वाटा जगाला माहीत आहेत त्या बंद करणे. त्यानंतर जे उरते ते पहारा, नोंदी, व्यवहारांच्या मर्यादा आणि विलक्षण हालचाल दिसताच रात्री-अपरात्री फोन उचलणारा अधिकारी यांवर अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेची पहिली चौकट या घटनेनंतर सुमारे सव्वादोन महिन्यांत आली, यावरून या घटनेचा धक्का किती खोल होता याची कल्पना येईल.

नगरच्या भुईकोट किल्ल्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या साऱ्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. मोगल शाहजादा मुराद याच्या फौजेने 1595 च्या अखेरीस किल्ल्याला वेढा घालून तटाखाली सुरुंग खोदले. त्याची खबर लागताच चांदबिबीच्या माणसांनी आतून उकरत जाऊन दोन सुरुंग शोधले आणि त्यांतील दारू काढून घेतली, असे इतिहासकार फेरिश्त्याने लिहिले आहे. उरलेल्यांपैकी एक मात्र शोध चालू असतानाच उडाला, तटाला भगदाड पडले, आणि ते लढत लढत रातोरात बुजवण्यात आले. शत्रूच्या आधी आपण शोधणे, शोध अपुरा पडणार हे गृहीत धरणे, आणि म्हणून भगदाड बुजवणारी माणसे तयार ठेवणे, या तिन्ही गोष्टी त्या एका रात्रीत आहेत. पुढे 1803 साली इंग्रज सेनानी वेलस्लीने हाच किल्ला घेतला तेव्हा भिंगारच्या देशमुखाने चार हजार रुपये घेऊन मारा कोठून करावा ते दाखवून दिल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. आणि आतल्या माणसाचे फितूर होणे ही त्रुटी कोणत्याच स्कॅनरच्या यादीत नसते.

यंत्राला जे दिसत नाही त्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत धोक्याचा. समजा, एका पतसंस्थेने सभासदांना आपले ठेव-कर्जाचे उतारे घरबसल्या पाहता यावेत म्हणून संकेतस्थळ केले. सभासद आपल्या पासवर्डने आत येतो, उतारा उघडतो, आणि वर पत्त्याच्या पट्टीत त्याचा खाते क्रमांक दिसतो. त्याने त्यातील शेवटचा अंक बदलला आणि शेजाऱ्याचा उतारा समोर आला, तर ही उघड उघड गंभीर चूक आहे. पण स्कॅनरच्या दृष्टीने काय घडले? त्याने एक पान मागितले, सर्व्हरने ते व्यवस्थित दिले, कोणतीही तांत्रिक चूक झाली नाही, पान नीट उघडले. ते पान कोणाचे होते आणि कोणाला दिसायला नको होते, हे त्याला आपण होऊन कळण्याचा मार्ग नाही. दोन सभासदांची दोन खाती घेऊन, एकातून दुसऱ्याचे दप्तर मागून पाहणारा परीक्षक ते मिनिटभरात शोधतो. हप्त्याच्या रकान्यात उणे रक्कम लिहिली तर काय होते, मंजुरीची पायरी ओलांडून थेट पुढच्या पानावर जाता येते काय, हे प्रश्न ज्याला संस्थेचा व्यवहार समजतो त्यालाच सुचतात. म्हणून केवळ यंत्र चालवून, त्याने छापलेल्या पानांवर आपले बोधचिन्ह लावून ‘व्हीएपीटी अहवाल’ म्हणून देणाऱ्याला शिरकाव-चाचणीचे पैसे देऊ नयेत. त्याने जे केले ते कामाचा पहिला अर्धा भाग होय.

या जिल्ह्यात बँकांखेरीज कारखानेही आहेत, आणि तिथे तपासणीच जपून करावी लागते. साखर कारखान्यात बॉयलर, टर्बाइन, सेंट्रिफ्युगल यांचे नियंत्रण करणारी ‘पीएलसी’ नावाची छोटी संगणकयंत्रे असतात. त्यांतील जुनी यंत्रे बाहेरून अनोळखी संदेशांचा भडिमार सहन करण्यासाठी घडवलेलीच नसल्यामुळे, साध्या पोर्ट तपासणीनेही ती गोठून बसण्याचा संभव असतो. गाळप ऐन भरात असताना एखाद्या उत्साही अभियंत्याने संपूर्ण जाळ्यावर स्कॅनर सोडला आणि मिल थांबली, तर गव्हाणीपाशी उभ्या असलेल्या गाड्यांतील ऊस वाळतो आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. हंगाम संपल्यावर, यंत्रे थंड असताना, कारखान्याच्या विद्युत विभागाला बरोबर घेऊन हे काम करावे. आणि कार्यालयाचे जाळे व यंत्रांचे जाळे मुळात एकमेकांपासून अलग आहेत काय, हा प्रश्न सर्वांच्या आधी विचारावा. वजनकाट्याच्या संगणकाकडे मात्र मी विशेष लक्ष वेधीन. काट्यावरच्या आकड्याविषयी ऊस उत्पादकाच्या मनात पिढ्यानपिढ्या शंका आहे. तो आकडा काट्यावरून पावतीपर्यंत ज्या संगणकातून जातो त्याला कार्यालयातल्या कोणत्याही टेबलावरून हात लावता येत असेल, तर ती शंका दूर करण्याचा नैतिक अधिकार कारखान्याला राहत नाही.

वेबसाइटांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी, कारण दुव्यामागून दुवा दाबत जाणारे यंत्र व्यवस्थापकाच्या पासवर्डने आत सोडले तर ‘नोंद काढून टाका’ हा दुवाही ते तितक्याच निर्विकारपणे दाबते. शहाणे परीक्षक म्हणून आधी प्रणालीची चाचणीपुरती प्रत मागतात.

आता परवानगीविषयी. दुसऱ्याच्या संगणकावर स्कॅनर चालवणे हा तरुणांना खेळ वाटतो. ‘मी काही चोरले नाही, फक्त पाहिले’ असे त्यांचे म्हणणे असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 43 प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून संगणकात वा त्याच्या जाळ्यात प्रवेश करणे हे नुकसानभरपाईस पात्र ठरणारे कृत्य आहे, आणि तेच अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम 66 अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सबब लेखी परवानगीवाचून एकही संदेश धाडू नये, आणि ती परवानगीही मोघम नसावी: कोणते पत्ते तपासायचे, कोणत्या तारखांना आणि कोणत्या वेळात, कोणत्या गोष्टी करायच्या नाहीत, काही बिघडल्यास कोणाला कळवायचे, आणि हाती लागलेल्या माहितीचे पुढे काय करायचे, हे सारे तीत नमूद असावे. सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर तिच्या अटीही आधी पाहाव्या लागतात. ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी ‘मेटास्प्लॉयटेबल’ किंवा ‘ज्यूस शॉप’ अशा मुद्दाम सदोष ठेवलेल्या प्रणाली फुकट मिळतात, त्या घरच्याच संगणकावर मांडता येतात, आणि एनमॅपच्या कर्त्यांनी तर सरावासाठी माफक तपासणीची उघड परवानगी देऊन स्वतःचा एक सर्व्हर ठेवला आहे. संगमनेर-श्रीरामपूरच्या महाविद्यालयांतील मुलांनी या वाटेने जावे. या विद्येला मागणी आहे आणि ती सन्मानाने मिळवता येते.

शेवटी अहवाल. तो पुष्कळदा जाडजूड असतो, इंग्रजीत असतो, आणि त्यात प्रत्येक त्रुटीपुढे शून्य ते दहा असा गुण असून नऊ आणि त्यापुढच्यांना ‘क्रिटिकल’ म्हटलेले असते. संचालकाने गुणावर डोळे मिटून जाऊ नये. आतल्या खोलीतल्या, कशालाही न जोडलेल्या छपाईच्या संगणकावरील नऊ गुणांची त्रुटी आणि इंटरनेटला सामोऱ्या सर्व्हरवरील सहा गुणांची त्रुटी यांत आधी दुसरी बुजवणे पुष्कळदा शहाणपणाचे असते; कारण तो गुण त्रुटीचे स्वरूप सांगतो, आपल्या संस्थेत तिच्यामागे काय ठेवले आहे ते सांगत नाही. आणि जे अहवालात नाही तेही विचारावे. जिल्ह्याचे नाव बदलले, त्यामागोमाग अनेक संस्था आपल्या नावात आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात बदल करतील. जुना पत्ता मुदत संपून सोडून दिला आणि तो उद्या भलत्यानेच विकत घेतला, तर जुन्या पासबुकावर आणि पावत्यांवर छापलेल्या त्या पत्त्यावर विश्वासाने जाणारा ठेवीदार कोणाच्या हाती सापडेल? तपासणीला दिलेल्या पत्त्यांच्या यादीत जुनी नावे आहेत काय, हा प्रश्न परीक्षकाने नाही विचारला तर संचालकाने विचारावा. यंत्र दिलेल्या यादीच्या बाहेर जात नाही.

सहकारातल्या माणसाला यासाठी नवी शिस्त शिकण्याची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 प्रमाणे लेखापरीक्षण होते, आणि कलम 82 प्रमाणे त्यात निघालेल्या दोषांची दुरुस्ती करून ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, हे प्रत्येक सचिवाला पाठ आहे. व्हीएपीटीलाही तोच नमुना लावावा: डावीकडे त्रुटी, मध्ये जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि मुदत, उजवीकडे काय केले ते, आणि त्यापुढे फेरतपासणीची तारीख, जिच्यावाचून ‘दुरुस्त केले’ हा शेरा मान्य होऊ नये. गेल्या खेपेची यादी या खेपेच्या यादीशेजारी ठेवली की कोणती ओळ सलग तीन अहवालांत तशीच उतरली आहे ते पाच मिनिटांत दिसते, आणि त्यासाठी संगणकशास्त्र येण्याची आवश्यकता नाही. त्रुटींचा तपशील गुप्तच राहिला पाहिजे, तो सर्वसाधारण सभेत वाचणे आत्मघातकी होईल. परंतु किती निघाल्या, किती बुजवल्या, किती कोणत्या कारणाने राहिल्या आणि फेरतपासणी कोणत्या तारखेला झाली, एवढे चार आकडे वार्षिक अहवालाच्या एका कोपऱ्यात छापायला कोणतीच हरकत नसावी, आणि ते नसतील तर सभासदाने सभेत उभे राहून मागावेत.